दोन वर्षांनी गॅदरिंग प्रत्यक्ष घ्यायचंय, मंडळाच्या हिशोबाचं काय करू?

खाडीकाठ | १२ ऑगस्ट २०२२, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी चिपळूणच्या एका कॉलेजात टीवायला आहे, कॉमर्स. यंदा विद्यार्थी मंडळाची खजिनदार म्हणून माझं नाव लागलंय आणि गेले आठ दिवस मला नीट झोप नाही, म्हणून इथे लिहितेय. थोडं लांब होईल, वाचा प्लीज.

आमचं शेवटचं गॅदरिंग झालं जानेवारी २०२० मधे. मार्च २०२० मधे एक दिवसाचा फनफेअर ठरला होता, मंडपवाल्याला १२,००० आणि साऊंडवाल्याला ५,००० ॲडव्हान्स देऊन झाले होते आणि लॉकडाऊन लागलं. त्यानंतर सगळं ऑनलाइन. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली खरी पण जानेवारीत ओमायक्रॉनमुळे परत बंद, गुढीपाडव्याला २ एप्रिलला सगळे निर्बंध उठले तेव्हा परीक्षा तोंडावर. म्हणजे यंदाचंच पहिलं वर्ष जेव्हा सगळे समोरासमोर येणार.

मंडळाची वर्गणी वर्षाला १०० रुपये. २०२०-२१ ला ४१२ जणांनी भरली, २०२१-२२ ला ३८५ जणांनी. खर्च नावाला, ऑनलाइन स्पर्धांची बक्षिसं, मीटिंगचं सबस्क्रिप्शन, ई-सर्टिफिकेट, दोन वर्षांत मिळून २०,९९०. खात्यात आज १,०७,२६४ आहेत. सगळे म्हणतायत वा, लाखावर पैसे आहेत, यंदा धुमधडाक्यात करूया, डीजे लावूया. मला मात्र तो आकडा बघून भीती वाटते कारण तो कसा झाला ते सांगणारं कोणीच उरलेलं नाही.

आमचं कपाट तळमजल्यावर होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते पूर्ण पाण्याखाली गेलं. किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पावतीपुस्तकं, व्हाउचर, डेड स्टॉक रजिस्टर (मंडळाच्या वस्तूंची नोंदवही) सगळं. किर्दीची पानं चिकटून एक ठोकळाच झालाय, कडेने चिखलाची रेघ आहे अजून. आधीचा खजिनदार दादा पास होऊन पुण्याला नोकरीला, आधीचे प्राचार्य सर रिटायर झाले, आणि खात्यावर सह्या त्या दोघांच्याच आहेत.

आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, पुराच्या वेळी दादाने खात्यातून १५,००० काढले होते, फावडी, झाडू, फिनेल, बिस्किटं, पाण्याचे कॅन असं घेऊन आम्ही बाजारपेठेत आणि वस्तीत वाटले. मी स्वतः त्यात होते, माझ्या हातांनी गाळ काढलाय. पण बिल एकही नाही, तेव्हा दुकानंच पाण्यात होती, जो माल वरच्या गावातून मिळेल तो आणला. आता स्टाफरूममधे कोणीतरी म्हणालं की त्या पंधरा हजारांचं काय ते बघा. दादाला मी ओळखते, एक रुपया इकडेतिकडे करणारा माणूस नाही तो, आणि त्याच्या पाठीमागे असं बोलणं मला सहन होत नाही.

सुरुवात कुठून करू?

---

सड्यावरून | १२ ऑगस्ट, रात्री ११:२५

ताई, आधी शांत हो. मी राजापूरकडच्या कॉलेजात २०१७ ते १९ खजिनदार होतो, पूर सोडला तर तुझ्यासारखाच गोंधळ माझ्या वाट्याला आला होता.

गॅदरिंगचं बजेट वगैरे बाजूला ठेव. पहिली सही. जोपर्यंत खात्यावर नव्या प्राचार्यांची आणि तुझी सही येत नाही तोपर्यंत एक रुपया खर्चाचं बोलू नका, नाहीतर कोणीतरी स्वतःच्या खिशातून घालतं, मग 'नंतर घेऊ' होतं आणि तिथून हिशोब बिघडतो. मंडळाची मीटिंग घ्या, जुन्या सह्या काढून नव्या घालायचा ठराव करा, इतिवृत्तात लिहा, त्याची नक्कल कॉलेजच्या शिक्क्यानिशी बँकेत द्या, सोबत दोघांचे आधार, पॅन, फोटो. जुन्या दोघांचं पत्र मिळालं तर काम पटकन होतं, पुण्याच्या दादाला सही करून स्पीडपोस्टने पाठवायला सांग.

तुमचं नशीब की वर्गणी ऑनलाइन येत राहिली म्हणून खातं जिवंत आहे. आमच्या गावच्या मुलांच्या होस्टेल मंडळाचं खातं दोन वर्षं व्यवहारच नाही म्हणून इनऑपरेटिव्ह झालं, आता केवायसीचे कागद गोळा करतायत. त्यांना चार्ज पण सांगितला होता, खरं तर बंद पडलेलं खातं चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नसतात, मॅनेजरला भेटल्यावर तो काढून टाकला.

---

निवृत्त_हिशोबनीस | १३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

बाळा, मी रत्नागिरीला कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं हिशोबाला होते, सगळे काकू म्हणायचे, तूही म्हण.

ती चिकटलेली किर्द फेकू नकोस. जबरदस्तीने उघडूही नकोस, पानं फाटतील. जेवढी कडेने सुटतायत तेवढ्यांचे फोटो काढ, आणि तो ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळून तारीख लिहून ठेव, तो पुरावा आहे. पुरानंतर कॉलेजचा पंचनामा झाला असणार, त्यात मंडळाच्या कपाटाचा उल्लेख आहे का ते ऑफिसातून बघून घे, त्याची एक झेरॉक्स नव्या फाइलीत पहिल्या पानावर लाव.

मग बँकेकडून १ एप्रिल २०१९ पासून आजपर्यंतचं स्टेटमेंट माग. नवीन किर्द घे, जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर असलेली. पहिल्या पानावर स्वच्छ लिही की जुनी वही २२ जुलै २०२१ च्या पुरात खराब झाली, बँकेच्या स्टेटमेंटवरून ही वही पुन्हा लिहिली, खाली प्राचार्यांची सही. आणि मग एकेक ओळ उतरव. ज्या नोंदीचा कागद आहे तिथे व्हाउचर नंबर, ज्याचा नाही तिथे 'कागद उपलब्ध नाही' असं लिहायचं, लाज वाटून जागा कोरी सोडायची नाही. कोरी जागा दिसली की माणसं तिच्यात वाट्टेल ते भरतात गं.

आता ते पंधरा हजार. त्या दिवसात वाटप करणारे किती जण होते? पाच-सहा जण तरी असतील. प्रत्येकाकडून अर्ध्या पानाचं लिहून घे, काय आणलं, कुठून आणलं, कुठे वाटलं, साधारण किती रुपयांचं. फोटो असतील मोबाइलमधे, त्यावर तारीख असते, ते प्रिंट करून लाव. मग मंडळाच्या सभेत ठराव मांडायचा की पूर मदतीसाठी झालेला १५,००० चा खर्च बिलाअभावी सदस्यांच्या लेखी निवेदनावरून मंजूर करण्यात येत आहे. एवढं केलंस की त्या मुलावर कोणी बोट दाखवू शकत नाही. आणि हे लवकर कर, माणसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत तोवर.

---

खाडीकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

काकू, वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्ही सात जण होतो. फोटो आहेत. एका फोटोत दादा डोक्यावर पाण्याचा कॅन घेऊन कमरेएवढ्या चिखलातून येतोय, तो पहिला लावते.

---

बंदरावरचा | १३ ऑगस्ट, दुपारी १:०५

मी हर्णैचा, आता दापोलीला शिकतो. एक वेगळाच मुद्दा मांडतो, रागावू नका.

तो लाख रुपये मंडळाचा नाहीये. दोन वर्षं ज्यांनी शंभर-शंभर भरले त्यांनी गॅदरिंगसाठी भरले होते. त्यातले कितीतरी पास होऊन गेले, त्यांना ना नाश्ता मिळाला ना कार्यक्रम. आमच्या घरी २०२० मधे आधी कोरोना, मग जूनमधे निसर्ग वादळ, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. आईने शंभर रुपये दिले होते तेव्हा तिच्या पाकिटात काय उरलं होतं ते मला माहितीये. ते पैसे घेऊन कोणी डीजे लावणार असेल तर मला वाईट वाटेल.

दुसरं, वर्गणी कधी मागता ते बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आमच्याकडे नारळी पौर्णिमेनंतर बोटी नीट लागल्या की घरात पैसा येतो. आंबेवाल्यांच्या घरी तो मे-जूनला असतो, भातवाल्यांकडे दिवाळीनंतर. ॲडमिशनच्या दिवशी जुलैत एकदम वर्गणी मागितली की निम्मी पोरं 'नंतर देतो' म्हणतात आणि मग त्यांच्या नावापुढे बाकी लिहून यादी बोर्डावर लावतात. ती यादी लावू नका प्लीज. दोन हप्ते ठेवा, पन्नास-पन्नास.

---

खाडीकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

बंदरावरचा, रागावायचं काय, तू म्हणालास ते मी दिवसभर घोळवतेय. दोन वर्षांची वर्गणी ७९,७०० आणि त्यातले २०,९९० ऑनलाइन कार्यक्रमांवर गेले, म्हणजे ५८,७१० अशा मुलांचे आहेत ज्यांना त्या बदल्यात काही मिळालं नाही. हा आकडा मी उद्याच्या मीटिंगमधे फळ्यावर लिहिणार आहे.

आणि हे बघा, मी सहज म्हणून भाव काढले. २०२० ला पूर्ण गॅदरिंग १,१०,५०० मधे झालं होतं, हा आकडा वार्षिक अंकात छापलेला सापडला. आता मंडप-स्टेज ५२,००० वर जीएसटी धरून ६१,३६०, साऊंड-लाइट ३०,०००, नाश्ता ९५ रुपयांप्रमाणे ४५० जणांचा ४२,७५०, जनरेटर ९,०००, बक्षिसं १०,०००, छपाई ४,५००. बेरीज १,५७,६१०. सत्तेचाळीस हजारांनी वाढलं.

---

सड्यावरून | १३ ऑगस्ट, रात्री १०:००

जीएसटी लावलाय त्या कोटेशनवर जीएसटी नंबर आहे का? पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. सेवा देणाऱ्याचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर त्याला जीएसटी घेताच येत नाही. पोर्टलवर नंबर टाकून बघ.

---

खाडीकाठ | १४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

नंबर नाही!! फोन केला तर म्हणाले तो कच्चा अंदाज होता, काढून टाकतो. ९,३६० वाचले एका प्रश्नाने. सड्यावरून दादा, थँक्यू.

---

बांबू_आणि_कनात | १५ ऑगस्ट, रात्री ८:१०

मी गुहागर तालुक्यातला मंडप डेकोरेटर. पुतण्याने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंगची सवय नाही.

ताई, तुमचे १२,००० ज्याच्याकडे अडकलेत त्याच्या बाजूने पण बघा. मार्चच्या कार्यक्रमाचा ॲडव्हान्स आला की आम्ही लगेच बांबू उचलतो, कापड शिवायला टाकतो, पोरांना उचल देतो. लॉकडाऊन लागल्यावर ती पोरं गावाला गेली, उचल गेली. निसर्ग वादळात माझ्या शेडचे पत्रे उडाले आणि कनाती तीन दिवस भिजत पडल्या, काळी बुरशी आली, जाळाव्या लागल्या. दोन वर्षं लग्नं पन्नास माणसांत, गणपतीचे मंडप नाहीत. आमच्यातले बरेच जण धंदा सोडून बसले. तुम्ही एकदम 'आमचे पैसे परत द्या' असं पत्र पाठवलंत तर तो फोन उचलणार नाही, कारण त्याच्याकडे नसतीलच.

त्याच्या घरी जा, चहा प्या, विचारा की त्यावेळी खरंच किती खर्च झाला होता. जेवढा झाला तेवढा त्याचा, उरलेला यंदाच्या कामात वळता करून घ्या. आणि ते लिहून घ्या, दोघांच्या सह्या. तोंडी ठेवू नका, तोंडी ठेवूनच हे असं झालंय.

अजून एक. जानेवारीत पाऊस नाही. वरचं छत कशाला? फक्त स्टेज, मागचा पडदा आणि दोन बाजूंना कनात घेतलीत तर बिल अर्ध्यावर येतं. आम्ही स्वतःहून हे सांगत नाही, पण तुमची पोरांची गोष्ट आहे म्हणून सांगतो.

---

निवृत्त_हिशोबनीस | १५ ऑगस्ट, रात्री ९:००

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ऑफिसात बसून आम्हाला ही बाजू कधी दिसली नाही.

---

झारापचो_झील | १६ ऑगस्ट, दुपारी ४:४५

ताई, माका पण एक सांगूचा आसा. आमच्या कॉलेजान जानेवारी २०२२ मधे घाई केली आणि आपटलो.

झालं असं की डिसेंबरात सगळं नॉर्मल वाटत होतं, आम्ही हॉल बुक केला, ८,००० भरले, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजं बंदचा आदेश. हॉलवाल्याने हात वर केले, पावतीवर बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही'. आम्ही वाचलंच नव्हतं. आता आम्ही प्रत्येक ॲडव्हान्सच्या पावतीवर पेनाने लिहून घेतो, की सरकारी आदेश, वादळ किंवा पावसामुळे कार्यक्रम रद्द झाला तर इतके पैसे परत किंवा पुढच्या तारखेला वळते. आपल्या किनाऱ्यावर हे लिहायलाच हवं, इथे काय कधी येईल ते सांगता येत नाही.

मग मोठं काही न करता मार्चमधे एक दशावतार ठेवला, शंभर माणसांचा अंदाज धरून. कंपनीची मंडळी दोन वर्षं घरी बसलेली, जत्रा बंद होत्या. त्यांना अर्धे पैसे आधी दिले आणि बाकीचे त्याच रात्री, मेकअप उतरवायच्या आत पाकीट हातात. कलाकाराचे पैसे दुसऱ्या दिवसावर ठेवू नये. त्या एका छोट्या कार्यक्रमात आम्हाला कळलं की सहाजणांपैकी एकालाही पावती फाडता येत नव्हती, म्हणजे स्थळप्रत आत ठेवून वरची द्यायची हेच माहीत नव्हतं. शिकवणारे सीनियर घरूनच पास झाले ना. मोठ्या गॅदरिंगला हे कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा. म्हणून सांगतो, आधी काहीतरी लहान घ्या.

---

खाडीकाठ | १६ ऑगस्ट, रात्री १०:१०

हे अगदी खरंय. माझ्या कमिटीत नऊ जण आहेत, त्यातल्या एकानेही कॉलेजचं गॅदरिंग पाहिलेलंच नाही. मीसुद्धा नाही. मी एफवायला आले तेव्हा लॉकडाऊन होतं.

अजून एक शंका, पैसे आता सगळे जीपे-फोनपेवर देणार. माझ्या नंबरवर घेऊ का? बाकी सगळे म्हणतायत तुझ्याच नंबरवर सोपं पडेल.

---

सड्यावरून | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

अजिबात नको!!! हात जोडून सांगतो. तुझ्या खात्यात आईने पाठवलेले पैसे, रिचार्ज, वडापाव, त्यात वर्गणीचे चारशे व्यवहार मिसळले की मेळ बसवताना रडशील. आणि उद्या कोणी विचारलं तर स्वतःचं खातं उघडून दाखवावं लागेल. मंडळाच्या खात्याचा क्यूआर बँकेकडून मागून घ्या, स्टँडी मिळते.

आणि स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं धरू नका. खात्यात जमा झाल्याचं दिसल्यावरच पावती, आणि पावतीवर व्यवहार नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. रात्री स्टेटमेंट आणि पावतीपुस्तक शेजारी ठेवून टिक करत जायचं, रोजच्या रोज, दहा मिनिटांचं काम आहे, महिन्याने करायला गेलीस तर दोन दिवस जातील.

---

निवृत्त_हिशोबनीस | १७ ऑगस्ट, सकाळी ६:४०

बरोबर. आणि रोख पण येईल, सगळ्यांकडे तसा फोन नसतो आणि गावात रेंज नसते. रोख रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची, त्यातूनच परस्पर खर्च करायचा नाही. किरकोळ खर्चाला वेगळे दोन हजार काढून डब्यात ठेव, संपले की व्हाउचर जोडून परत दोन हजार पूर्ण कर. प्रत्येक व्हाउचरवर घेणाऱ्याची सही, रिक्षावाल्याची असली तरी.

बाजारात वर्गणी मागायला पावतीपुस्तक घेऊन फिरू नका. लोकांकडून अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळांना माहीत असतं ते. त्यापेक्षा कार्यक्रमपत्रिकेत जाहिराती घ्या, कॉलेजच्या पत्रावर, चेकने किंवा खात्यावर. बाजारपेठ अजून पुरातून उठतेय, त्यांना जेवढं झेपेल तेवढंच मागा.

---

बंदरावरचा | १७ ऑगस्ट, सकाळी ८:२०

आणि वेळ! संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू केलात की गावातली पोरं आपोआप बाद. वस्तीची गाडी गेली की घरी कसं जायचं? एसटीच्या संपात सहा महिने हेच भोगलंय आम्ही. मुलींना तर घरून सोडतच नाहीत. वर्गणी सगळ्यांकडून आणि कार्यक्रम फक्त शहरातल्यांना, असं नको.

---

खाडीकाठ | २१ सप्टेंबर २०२२, रात्री ९:५०

गणपती झाले, आता अपडेट देते, खूप झालंय.

सह्या बदलून झाल्या, अठरा दिवस लागले. दादाने पत्र पाठवलं आणि सोबत स्वतःहून एक चिठ्ठी, त्यात पुराच्या वेळी कुठून काय आणलं ते त्याने तेव्हाच डायरीत लिहून ठेवलेलं होतं, तारखेसकट!! फावडी १२, झाडू ४०, असं. त्याची बेरीज १४,८६० येते. १४० चा फरक. तो फरकही ठरावात तसाच लिहिला. सभेत सातही जणांची निवेदनं वाचून दाखवली, ज्या सरांनी विषय काढला होता त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं. त्या रात्री मी झोपले.

मंडपवाल्यांच्या घरी गेलो, मी आणि आमचे सर. बांबू_आणि_कनात काका, तुम्ही लिहिलंत तस्संच निघालं. त्यांनी त्यावेळी मजुरांना दिलेली ४,००० ची उचल वहीत दाखवली. आम्ही ती मान्य केली, ८,००० यंदाच्या बिलात वळते, दोघांच्या सह्या झाल्या. त्यांच्या बायकोने खापरोळ्या खाऊ घातल्या. साऊंडवाले मात्र धंदा विकून मुंबईला गेले, फोन बंद. ते ५,००० बुडीत म्हणून सभेत मांडले आणि तसेच लिहिले.

वर्गणी दोन हप्त्यांत केली. बाकीदारांची यादी लावणार नाही असं ठरलं.

पास झालेल्यांबद्दल, ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना मेसेज केला की तुमचे पैसे आमच्याकडे शिल्लक आहेत, हवे तर परत देतो. मला वाटलं होतं सगळे मागतील. एकूण २,६०० मागितले गेले, ते खात्यावर परत केले. बाकीच्यांनी लिहिलं की ठेवा, कपाट घ्या, पहिल्या मजल्यावर ठेवा. तर जुन्या बाजारातून लोखंडी कपाट घेतलं, ६,५०० ला.

---

झारापचो_झील | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

ताई लय भारी. मोठं गॅदरिंग नंतर, आधी लहान कार्यक्रम कधी?

---

खाडीकाठ | ११ ऑक्टोबर २०२२, रात्री ८:३०

झाला, दुसऱ्या शनिवारी, हॉलमधेच, गाणी आणि एकपात्री. आणि मी चूक केली. गूगल फॉर्मवर तीनशे जणांनी 'येणार' लिहिलं म्हणून ३०० नाश्ते सांगितले, २५ रुपयांप्रमाणे ७,५००. आले १८८. पाऊस कोसळत होता आणि दोन वर्षं ऑनलाइनची सवय, 'येणार' वर टिक करायला काही लागत नाही. उरलेले ११२ नाश्ते आम्ही शेजारच्या आश्रमशाळेत आणि एसटी स्टँडवर दिले, वाया काही गेलं नाही, पण २,८०० रुपये मंडळाचे होते ते माझ्या अंदाजामुळे गेले. बक्षिसांचे १,२०० धरून एकूण ८,७००. बोर्डावर हिशोब लावला त्यात '३०० सांगितले, १८८ आले' असं स्पष्ट लिहिलंय.

---

निवृत्त_हिशोबनीस | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

यासाठीच लहान कार्यक्रम असतो. जानेवारीला वीस रुपयांचं कुपन ठेव, आधी घेतलं तरच नाश्ता. वीस रुपये दिले की माणूस येतो. ज्याला तेही जड आहे त्याचं कुपन वर्गशिक्षकांकडून गुपचूप जाऊ दे, नाव कुठे लिहायचं नाही.

---

खाडीकाठ | २९ जानेवारी २०२३, रात्री ११:१५

झालं गॅदरिंग!!!! अजून आवाज बसलाय माझा.

सकाळी दहाला सुरू, पाचच्या ठोक्याला बंद, म्हणजे सगळ्या गाड्या मिळाल्या. एसटी प्रासंगिक करारावर घ्यायची का म्हणून डेपोत विचारून आलो होतो पण बजेटच्या बाहेर जात होतं, मग कार्यक्रमच दिवसा घेतला. सुरुवातीला आमच्यातलेच काही नाराज होते, रात्रीची लाइटिंग नाही म्हणून. पण नमन, आपली कोकणातली लोककला, सुरू झालं, मृदुंगावर थाप पडली, तेव्हा मागच्या रांगेत वरच्या गावांमधल्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, त्यातल्या दोघींनी मला सांगितलं की आम्ही पहिल्यांदाच कॉलेजच्या कार्यक्रमाला थांबलो.

हिशोब. स्टेज, पडदा, कनात, छत नाही, २६,००० त्यातून जुने ८,००० वजा, दिले १८,०००. साऊंड २४,०००. नाश्ता बचत गटाच्या मावशींकडून, घावणे-चटणी आणि कोकम सरबत, ६० रुपयांप्रमाणे ३४० कुपनांचे २०,४००. जनरेटर कॉलेजचा मिळाला, फक्त डिझेल २,७००. बक्षिसं ७,५००, छपाई १,८००. एकूण ७४,४००. जमेला ४३१ जणांची वर्गणी ४३,१००, कुपनं ६,८००, जाहिराती १४,०००, मिळून ६३,९००. कमी पडलेले १०,५०० जुन्या शिलकेतून घेतले, ते घ्यायचा ठराव आधीच नोव्हेंबरात करून ठेवला होता.

३४० कुपनांपैकी ३३१ नाश्ते गेले, काकू!

---

निवृत्त_हिशोबनीस | ३० जानेवारी, सकाळी ६:२०

बाळा, मला आकडे वाचून जेवढा आनंद झाला तेवढा नातवाच्या मार्कशीटने झाला नव्हता. शिल्लक किती राहिली?

---

खाडीकाठ | ३० जानेवारी, सकाळी ९:४०

७८,९६४. परत केलेले पैसे, कपाट आणि ऑक्टोबरचा कार्यक्रम सगळं वजा जाऊन. आज दुपारी बोर्डावर लावतेय, खाली व्हाउचरची फाइल ठेवणार, ज्याला बघायचीय त्याने उघडून बघावी. एसवायचा एक मुलगा डिसेंबरपासून माझ्या शेजारी बसून किर्द लिहितोय, शेवटची सहा पानं त्याच्याच अक्षरात आहेत. बँकेतल्या सहीच्या बदलाचा कागदपण मी त्याच्या नावाने आत्ताच तयार करून ठेवणारे, जूनमधे मी नसेन.

फक्त मावशींचे शेवटचे १,४०० द्यायचे राहिलेत, वर दिलेल्या शिलकेतून ते वजा धरलेलेच आहेत. त्या मंगळवारी बाजाराला येतात तेव्हा देऊन व्हाउचरवर अंगठा घेते आणि मग किर्दीत रेघ मारते.